‘डिफर’ म्हणजे ‘नाही’ समजा आणि कामाला लागा

प्रश्न : ताई, माझी मुलगी नाशिकला बारावीत आहे, आयएससी बोर्ड. अमेरिकेतल्या नावाजलेल्या आयव्ही लीगमधल्या एका विद्यापीठाला तिने अर्ली डिसिजनने (‘घेतलंत तर येणारच’ असं लिहून देऊन) अर्ज केला होता. गेल्या आठवड्यात पहाटे निकाल आला, ‘डिफर’. म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही, अर्ज मार्चच्या नेहमीच्या फेरीत पुन्हा बघणार म्हणे. तेव्हापासून ती खोलीतून फारशी बाहेर येत नाही. बाकीच्या नऊ कॉलेजांचे निबंध अर्धवट आहेत आणि १ जानेवारीची मुदत तोंडावर आलीय. विद्यापीठाला फोन करावा का? एक पत्र लिहायचं असतं म्हणतात, ते काय? कुणी म्हणतं, लगेच ईडी-टू, म्हणजे अर्ली डिसिजनच्या दुसऱ्या फेरीचा अर्ज, टाका. शिवाय सासूबाई रोज विचारतात, “लागला का नंबर?” त्यांना काय सांगू?

उत्तर :

फोन करू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण हे वाचेपर्यंत कुणा नातेवाइकाने तिकडचा नंबर शोधून दिलाही असेल. एकोणीस वर्षं मी मुलांचे परदेशातले अर्ज बघतेय (त्याआधी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे), आणि आईवडिलांच्या फोनने डिफरचा हो झालेला मी एकदाही पाहिलेला नाही. पलीकडचा माणूस गोड बोलतो, ‘सगळी माहिती पोर्टलवर आहे’ म्हणतो आणि ठेवतो. माजी विद्यार्थी असलेल्या मावसभावाच्या मित्राकडून शब्द टाकायचा विचार असेल, तर तोही सोडा.

पत्र, ईडी-टू आणि सासूबाई, तिन्हींकडे येते. पण आधी ती पहाट.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची बरीच विद्यापीठं संध्याकाळी सातच्या सुमाराला निकाल लावतात. डिसेंबरात तिकडचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. घरात दिवे लागलेले असतात, बाबा उगाच लवकर अंघोळ करून बसलेले, पेढे कालच आणून फ्रीजमध्ये ठेवलेले. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मुलीने मला फोनवर ठेवून पोर्टल उघडलं. तिकडे आजी डब्यासाठी चटणी वाटत होती. मिक्सर थांबला. मग बराच वेळ कुणी काहीच बोललं नाही, आणि त्यावरून मला निकाल कळला. पत्राचा पहिला शब्द ‘अभिनंदन’ नसेल तर मुलं पुढचं वाचतच नाहीत. त्या मुलीने ‘डिफर’ हा शब्द दुसऱ्या दिवशी पाहिला. तोवर घरात सगळे नकारच धरून बसले होते.

गंमत म्हणजे त्या घराचा अंदाज व्यवहारात चुकीचा नव्हता. मला तुम्हाला नेमकं हेच सांगायचंय. डिफरला मनातल्या मनात ‘नाही’ म्हणा, एक पत्र लिहा, आणि सगळी ताकद उरलेल्या अर्जांवर लावा. मार्चमध्ये हो आलं तर उत्तम. पण त्या हो-ची वाट बघत बसलेली मुलं जानेवारीचे अर्ज हातचे घालवतात, आणि ते मी दर वर्षी बघते. सरळ नकार मिळालेलं मूल चार दिवस रडतं आणि उठतं. डिफर झालेलं मूल मात्र लटकलेलं राहतं. त्याला रडूही धड येत नाही, कारण ‘अजून संपलं कुठे’ असं सगळे सांगत असतात.

आकडे बघितले की हे पटेल. डिसेंबर २०२३ मध्ये हार्वर्डला अर्ली फेरीत ७,९२१ अर्ज आले. त्यातल्या ६९२ मुलांना प्रवेश मिळाला आणि तब्बल ८३ टक्के मुलांना डिफर केलं गेलं. म्हणजे साडेसहा हजार घरांत एकाच वेळी ‘अजून आशा आहे’ असं पत्र गेलं. त्या वर्षी एकूण अर्ज ५४,००८ आणि एकूण प्रवेश १,९३७. वजाबाकी करा : मार्चसाठी १,२४५ प्रवेश उरले, आणि त्यावर नजर लावून बसलेले पन्नास हजारांहून जास्त. त्याच डिसेंबरात एमआयटीने १२,५६३ पैकी ६६१ जणांना घेतलं आणि निम्म्याहून बऱ्याच जास्त मुलांना पुढे ढकललं. येलची रीत निराळी, त्यांनी त्याच फेरीत साधारण पाचातल्या एकालाच डिफर केलं आणि बहुतेकांना थेट नकार दिला. स्टॅनफर्डही फार थोड्यांना लटकत ठेवतं. म्हणून ‘डिफर म्हणजे शक्यता किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. तुमच्या मुलीचं विद्यापीठ किती जणांना डिफर करतं, ते आधी बघा. दहातल्या आठांना करत असेल तर तो सभ्य भाषेतला नकार समजा. थोड्यांनाच करत असेल तर पत्रावर जरा जास्त मेहनत घ्या.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग अर्लीला काय अर्थ? अर्थ आहे, पण तो आधी विद्यापीठाच्या सोयीचा आहे. अर्ली डिसिजन म्हणजे एकाच ठिकाणी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ‘घेतलंत तर येणारच’ असं लेखी देऊन केलेला अर्ज. त्यावर मुलीची, पालकाची आणि शाळेची सही असते. विद्यापीठाला अशी मुलं सोन्यासारखी, कारण पत्र पाठवलं की ती येणारच. पेन, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न अशा ठिकाणी वर्गाचा निम्म्याच्या आसपास भाग या वाटेने भरतो. अर्ली अॅक्शनमध्ये बंधन नसतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड मधला प्रकार चालवतात : बंधन नाही, पण त्या फेरीत दुसऱ्या खाजगी विद्यापीठाला अर्ली अर्ज करायचा नाही. हे सगळं पैसेवाल्या, माहीतगार घरांच्या फायद्याचं आहे, अशी टीका त्यांच्या देशात जुनीच आहे. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने अर्ली फेरी बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. इतर बहुतेक बधले नाहीत. २०११ मध्ये दोघांनी ती परत आणली.

अर्लीचा स्वीकाराचा दर जास्त दिसतो, त्यात विद्यापीठाने आधीच हेरलेले खेळाडू असतात आणि अनेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात. तो दर तुमच्या मुलीचा नव्हताच. हे मी नोव्हेंबरआधी पालकांना सांगते तेव्हा कुणी ऐकत नाही. डिसेंबरात सगळे ऐकतात.

आता मुलीबद्दल. तिला नेमकं काय लागलंय ते समजून घ्या. आपल्याला जेईईची, सीईटीची सवय. पर्सेंटाइल येतो, कट-ऑफ लागतो, हुकलं तर किती मार्कांनी हुकलं ते कळतं. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाला टाकता येतं, निदान भांडता येतं. इथे कुठेच भांडता येत नाही. कुणी सांगत नाही की निबंध कमी पडला, की गणित, की या वर्षी त्यांना तुमच्यासारखे चारशे अर्ज आले होते आणि चार हवे होते. ते गुणवत्ता यादी लावत नसतात, वर्ग भरत असतात. त्यांना वल्हवणारा हवा असतो, ओबो वाजवणारी हवी असते, माँटानाच्या खेड्यातला मुलगा हवा असतो, आणि त्यातूनच उरलेल्या जागांत नाशिकची एक हुशार मुलगी. कारण कळलं नाही की सतरा वर्षांचं मूल स्वतःच कारण तयार करतं, आणि ते नेहमी ‘मीच कमी आहे’ असंच असतं. ‘तू कुठे कमी पडलीस ते बघूया’ ही चर्चा म्हणूनच घरात करू नका. उत्तर नसलेल्या प्रश्नावर तीन दिवस खलबतं झाली की ती शेवटी तिच्याच डोक्यावर फुटतात.

पहिले दोन-तीन दिवस तिला रडू द्या, झोपू द्या, वाटेल ते बघू द्या. त्यात ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हे वाक्य टाळा. ते खरं असलं तरी आज तिला ते चांगलं दिसत नाहीये. तुमच्या पत्रावरून ते दिवस होऊन गेलेत. आता तिला खोलीतून बाहेर काढायचं साधन म्हणजे काम, पण थोडं आणि मोजून.

नऊ कॉलेजांचे निबंध अर्धवट आहेत म्हणालात. कॉमन अॅप या सामाईक अर्जाच्या पोर्टलवर वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो, म्हणून मुलं वीस भरायला बघतात. डिफरनंतर तर यादी अशी वाढते जशी लग्नाची. तुम्ही उलट करा, नवाची पाच-सहा करा. आज संध्याकाळी तिच्याबरोबर बसा, प्रत्येक नावापुढे तिला एकच विचारा : बाकी कुठेच नाही मिळालं आणि इथे मिळालं, तर आनंदाने जाशील का? ‘जाईन की’ आलं तर ठेवा. ‘बघू’ आलं तर खोडा. एका अर्जाची फीच ७५ ते ९० डॉलर असते, त्यात प्रत्येकाचे दोन-तीन छोटे निबंध. मग उरलेल्यांत निदान दोन अशी हवीत जिथे तिचे मार्क नेहमीच्या मुलांपेक्षा वरचे आहेत आणि जिथला खर्च तुम्हाला झेपतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियासारख्या विद्यापीठाची मुदत साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत जाते, अमेरिकेतली काही मोठी सरकारी विद्यापीठं त्यानंतरही अर्ज घेतात. १ जानेवारीलाच सगळं संपतं असं नाही.

सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. एका दिवसात एका कॉलेजचं काम, जास्त नाही. आणि एक गोष्ट बजावून ठेवते : अर्ली अर्जातला मुख्य निबंध तसाच राहू द्या. डिफर आला की मुलं साडेसहाशे शब्दांचा तो निबंध फाडून नव्याने लिहायला घेतात, तेही ख्रिसमसच्या आठवड्यात. चिडून लिहिलेला निबंध चिडलेलाच वाचला जातो. खरोखर कच्चा असेल तर शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना एकदा दाखवा आणि त्या म्हणतील तेवढंच बदला. कॉलेजांसाठीच्या छोट्या निबंधांत मात्र एक चूक हटकून होते. आधीच्या विद्यापीठाचं नाव तसंच राहतं. हसू नका, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पाठवण्याआधी पीडीएफ काढून मोठ्याने वाचायला सांगा.

आता ते पत्र. डिफर झालेल्या मुलाने ‘मला अजूनही तुमच्याकडेच यायचंय, आणि मधल्या काळात हे नवीन घडलं’ असं कळवायचं, एवढंच ते असतं. काही विद्यापीठं त्यासाठी पोर्टलवर जागा ठेवतात. एमआयटी फेब्रुवारीत एक ठरलेला फॉर्म भरून घेतं. काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं की जास्तीचं काही पाठवू नका, तिथे खरोखरच पाठवू नका. निकालाचं पत्र आणि त्याखालचे प्रश्नोत्तरांचे दुवे शांतपणे वाचा, कारण सूचना तिथेच असतात आणि रडत रडत त्या कुणी वाचलेल्या नसतात. घाई नको. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बाकीचे अर्ज गेल्यावर, एक पान. एकदाच. दर पंधरा दिवसांनी ‘नम्र आठवण’ नको.

निफाडकडच्या एका मुलीचं पत्र सांगते (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत). पहिला मसुदा तिने असा आणला होता : आपलं विद्यापीठ माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे, आपले जगद्विख्यात प्राध्यापक, आपली थोर परंपरा, मी निराश न होता अधिक जोमाने, वगैरे. तीन परिच्छेद. त्यात एकही गोष्ट अशी नव्हती जी आणखी दहा हजार मुलं लिहू शकली नसती. मी तिला विचारलं, नोव्हेंबरपासून तू काय केलंस? म्हणाली, काही नाही, अवकाळीमुळे सेन्सर दुरुस्त करत बसले होते. कसले सेन्सर? मग बाहेर आलं. वडिलांच्या द्राक्षबागेत पानं किती तास ओली राहतात हे मोजायला तिने घरीच पाच सेन्सर बनवून लावले होते, कारण पान जास्त वेळ ओलं राहिलं की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. गोडी छाटणीनंतर पाऊस पडला, दोन सेन्सर बंद पडले. उरलेल्या तिघांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. आठवडाभर शोधल्यावर लक्षात आलं की तिने स्वतःच एक सेन्सर ओळीच्या कडेला, वाऱ्याच्या तोंडाशी बांधला होता. तिथलं पान लवकर सुकायचं. तो आत हलवला. बदललेल्या नोंदींवरून वडिलांनी एक फवारणी दोन दिवस पुढे ढकलली.

पत्रात तेवढंच लिहिलं. चूक कुठे झाली, कशी सापडली, आता ती वहीत काय वेगळं नोंदवते, आणि त्या विद्यापीठातल्या कुठल्या प्रयोगशाळेत हेच काम मोठ्या प्रमाणावर चालतं. शेवटी एक ओळ : घेतलंत तर नक्की येईन. सव्वातीनशे शब्द झाले. परंपरा, स्वप्न, जोम सगळं गेलं.

तिला तिथे प्रवेश मिळाला का? नाही. मार्चअखेर नकार आला. पण सेन्सरची ही गोष्ट आम्ही डिसेंबरअखेरच बाकीच्या अर्जांच्या जास्तीच्या माहितीच्या रकान्यात टाकून ठेवली होती, आणि मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठाने तिला शेतीच्या अभियांत्रिकीसाठी थोडी शिष्यवृत्ती देऊन घेतलं. पत्राच्या निमित्ताने जे सापडतं ते आधी इतर अर्जांत वापरा, असं मी म्हणते ते यासाठी.

पत्रापेक्षाही जास्त वजन एका कंटाळवाण्या कागदाला असतं. सहामाहीचा अहवाल. तो शाळेने पाठवायचा असतो. तुमच्या मुलीच्या प्रिलिम जानेवारीत असतील, त्याचे मार्क त्यात जातात. डिफर झालेल्या मुलाचं बारावीतलं गाडं घसरलं, तर पत्र कितीही सुंदर असो, उपयोग नाही. मोठ्या शहरांतल्या शाळांत यासाठी वेगळी माणसं असतात. छोट्या शाळेत प्राचार्यांनाच ते करावं लागतं आणि त्यांना हे सगळं नवीन असतं. तेव्हा सुट्टी संपताच भेटा, कुठल्या विद्यापीठाला काय आणि कोणत्या तारखेपर्यंत, असा एक कागद टाइप करून हातात द्या. पेढ्यांचा पुडा फ्रीजमध्ये उरला असेल तर बरोबर न्या, कामं होतात.

ईडी-टूबद्दल. डिफर झाल्याक्षणी तुमची मुलगी पहिल्या करारातून मोकळी झाली, त्यामुळे दुसरीकडे अर्ज करायला आडकाठी नाही. शिकागो विद्यापीठ, व्हँडरबिल्ट, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, टफ्ट्स, न्यूयॉर्क विद्यापीठ अशा ठिकाणी दुसरी बांधील फेरी असते. मुदत जानेवारीत, निकाल साधारण फेब्रुवारीच्या मध्याला. ज्यांचं दुसऱ्या क्रमांकाचं कॉलेज खरोखर पक्कं आहे आणि पैशाची सोय आहे, त्यांच्यासाठी ती चांगली वाट आहे. पण तिथे हो आलं तर पहिल्या विद्यापीठातला डिफर अर्जही मागे घ्यावा लागतो. ‘तिथे मार्चमध्ये लागलं असतं तर?’ हे आयुष्यभर मनात राहणार असेल, तर टाकू नका. तिला तीन दिवस दुसऱ्या कॉलेजात जाणारी मुलगी म्हणून वागून बघू दे. तिथले विषय, वसतिगृह, हवामान वाचू दे. चौथ्या दिवशी चेहरा बघा.

आणि पैसे. या विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च आता नव्वद हजार डॉलरच्या घरात आहे, म्हणजे आपल्या पाऊण कोटीच्या आसपास, वर्षाला. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती न बघता प्रवेश ठरवणारी आणि मग गरजेइतकी पूर्ण मदत देणारी ठिकाणं मोजकी : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, अलीकडे ब्राऊन अशी. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की परदेशी मुलाचा अर्ज जास्त कसाला लागतो. बांधील फेरीत एक तोटा असा, की दोन ठिकाणच्या मदतीची तुलना करताच येत नाही. मदत अपुरी पडली तर करारातून सोडवून घेता येतं, तो मार्ग आहे, पण तो ऐनवेळी वापरायची पाळी येऊ देऊ नका. शेतीवर कर्ज काढून ईडी-टू टाकायला निघालेल्या एका वडिलांना मी दोन तास बसवून ठेवलं होतं. शेवटी नाही टाकला त्यांनी. मुलगा चिडला होता माझ्यावर, अजूनही थोडा असेल.

काही पालक विचारतात, नावाजलेल्या ठिकाणी गेलं नाही तर मुलाचं नुकसान किती? यावर अमेरिकेत खरंखुरं संशोधन झालंय. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी दाखवलं की सारख्याच मार्कांची आणि सारख्याच ठिकाणी अर्ज करणारी मुलं, त्या कॉलेजात गेली काय किंवा दुसरीकडे गेली काय, पुढच्या कमाईत फारसा फरक पडत नाही. मात्र गरीब घरांतल्या, आईवडील फार न शिकलेल्या मुलांना फरक पडतो. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी वेटिंग लिस्टवरून आत गेलेल्या आणि बाहेर राहिलेल्या मुलांची तुलना केली. सरासरी कमाई जवळजवळ तीच निघाली, पण सगळ्यात वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता आत गेलेल्यांची बरीच जास्त होती. म्हणजे ‘काहीच फरक पडत नाही’ असं मी तुम्हाला सांगणार नाही, ते खोटं होईल. हे अमेरिकेतल्या मुलांवरचे आकडे आहेत हेही ध्यानात असू द्या. पण तुमची मुलगी ज्या भीतीने खोलीत बसलीय, तेवढा फरक त्या आकड्यांत कुठेही नाही.

ज्यांना डिसेंबरात सरळ नकार आलाय, त्यांना वरचं बहुतेक सगळं लागू आहे, फक्त पत्र वगळून. त्या वर्षी तिथे पुन्हा अर्ज करता येत नाही. ज्यांना हो आलंय त्यांच्यासाठी दोनच गोष्टी : बांधील फेरी असेल तर बाकीचे सगळे अर्ज लगेच मागे घ्या, शोभेसाठी ठेवू नका, आणि अभ्यास सोडू नका, बारावीत फारच घसरलात तर दिलेला प्रवेश काढून घेतात. वर्गाच्या ग्रुपवर कॉन्फेटीचा व्हिडिओ टाकताना त्याच ग्रुपमध्ये कोण कोण बसलंय तेही एकदा बघा. तुमच्या मुलीला तो ग्रुप महिनाभर बंद करून ठेवायला सांगा. तिच्या जिवलग मैत्रिणीला कुठे मिळालं असेल तर ‘अभिनंदन’ एका ओळीत आज पाठवू दे, भेट नंतर. ते न पाठवल्याची लाज पुढे जास्त टोचते.

एक गोष्ट गांभीर्याने. आठवडा-दहा दिवस मूल गप्प असणं समजण्यासारखं आहे. पण जेवण तुटलं, झोप पार उलटली, वस्तू वाटून टाकायला लागली, ‘मी नसते तर तुमचे पैसे वाचले असते’ असं काही बोलली, तर अर्ज बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘हे तू जीव द्यायचा विचार करून बोलतेयस का?’ असं तिला सरळ विचारा, विचारल्याने काही वाईट होत नाही. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ वर मिळते, मराठीतही. अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांसाठी तिकडचा क्रमांक ९८८.

राहिल्या सासूबाई. त्यांना खोटं सांगू नका आणि इंग्रजी शब्दही सांगू नका. ‘नंबर’ हा त्यांचा शब्द बरोबर आहे, तोच वापरा : “पहिल्या यादीत नाही लागला. दुसरी यादी मार्चच्या शेवटी आहे. ती अजून पाच ठिकाणी फॉर्म भरतेय.” पहिली यादी, दुसरी यादी हे त्यांना अकरावीच्या प्रवेशापासून पाठ आहे. त्यानंतर “मार्चपर्यंत तिला विचारू नका, मला विचारा” असं तुम्हीच सांगा. बहुतेक आज्या ऐकतात. माझा अनुभव असा, की सगळ्यात जास्त त्रास पुण्या-मुंबईतले काका देतात, ज्यांच्या मुलाला दहा वर्षांपूर्वी एमएसला कुठेतरी मिळालं होतं. त्यांना तेही सांगू नका.

मार्चअखेरच्या निकालाच्या वेळी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे गेलेली असतात. तेव्हाचे सात म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेचार. तेव्हा उठू नका कुणी. निकाल कुठे पळून जात नाही, आठला चहा झाल्यावर तिला हवं तर ती एकटी उघडेल. प्रिलिमच्या तारखा आणि उरलेल्या कॉलेजांची नावं मला पाठवा, त्यावरून कुठल्या दिवशी कुठलं काम ते आपण ठरवू.